रिजवेच्या बाजूनं फिरून या

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सगळं हसत हसत सांगितलंस. इंजिन गरम झालं ते हसत, बारक्या ओकला ते हसत, गारा पडल्या ते हसत. ब्रेकचा वास आला म्हणालीस तेव्हा पण हसलीस, पण त्या वेळी तुझा आवाज जरा वर गेला, ते मला कळलं. आणि मग जाता जाता म्हणालीस, "बाबा, सोमवारी परत त्याच रोडनं डुरँगोला जायचं, बारक्याची ट्रेन राहिली की." आणि फोन कट. मी परत लावला, लागला नाही, डोंगरात रेंज जात असेल. आई म्हणाली आता झोपा, उद्या बोला. पण मला झोप लागेना म्हणून मोबाईलवरच लिहाय बसलोय. बाहेर पाऊस धो धो चाललाय, लाईट दोनदा जाऊन आली.

त्या युरेहून सिल्व्हरटनवरून डुरँगोला येणाऱ्या, कोलोरॅडोतल्या परतीच्या रस्त्याबद्दल मी शेवटी लिहिणार आहे, आधी बाकीचं.

पहिलं म्हणजे मला फार बरं वाटलं गे. २५ फुटी गाडी, आत पलंग, गॅस, फ्रीज, संडास सगळं, म्हणजे एक खोलीच घेऊन तू ११ हजार फुटांवर चढलीस आणि पलीकडं उतरलीस. ती लेक आमची. आईनं आज सकाळी गणपत गल्लीत भाजी घेताना तीन बायकांना सांगितलं, मी पिशवी धरून बाजूला उभा होतो आणि मी काय बोललो नाही, पण मला पण सांगायचं होतं. तुझा तो स्टिअरिंगवरचा फोटो धाकट्यानं मोठा करून दिलाय. त्यात मी काय बघितलं माहीत आहे? तुझे हात बघितले. स्टिअरिंग आवळून धरलेलं नाहीस, हलकं धरलंयस. राजहंसगडाच्या चढावर तुला हाफ क्लच शिकवताना मी हेच सांगत होतो, तू रडत होतीस, गाडी मागं सरकायला लागली की दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळायचीस. आता बघ.

इंजिनची सुई वर चढली तेव्हा तू केलंस ते अगदी बरोबर केलंस. एसी बंद, जागा बघून बाजूला, आणि इंजिन बंद न करता तसंच चालू ठेवून थांबलीस. रेडिएटरचं झाकण उघडायला गेली नाहीस हे पण बरं. त्या कोल बँक पासची, म्हणजे घाटमाथ्याची, उंची धाकट्यानं बघून सांगितली, १०,६४० फूट. आपलं बेळगाव अडीच हजार फुटांवर आहे आणि तरी गोव्याकडची माणसं आली की म्हणतात काय गार हवा तुमच्याकडं. तिथं हवाच पातळ, इंजिनला श्वास पुरत नाही, दर हजार फुटाला शंभरातली तीन टक्के ताकद कमी होते असा हिशेब आहे, म्हणजे तिथं वर पोचेपर्यंत जवळजवळ तिसरा हिस्सा ताकद गेली. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीला हे होतंच. त्यामुळं गाडी ओढत नाही म्हणून ॲक्सिलेटर दाबत बसायचं नाही, खालच्या गिअरला सावकाश चढू द्यायचं, मागं रांग लागली तर लागू दे, जागा आली की बाजूला होऊन सगळ्यांना सोडायचं. हे तुला सांगायची गरज नाही, तू केलंसच.

बारक्याचं डोकं दुखलं आणि ओकला ते उंचीमुळंच. ८ हजार फुटांच्या वर गेलं की कुणालाही होऊ शकतं. जावईबापू म्हणाले की युरेला उतरल्यावर त्यानं वरण मागितलं, मग ठीक आहे. युरे ७,७९२ फुटांवर आहे, वाटेतल्या मोलास पासच्या मानानं पुष्कळ खाली. पाणी पाजत राहा, पळू देऊ नका, आणि परत डोकं धरलं तर अजून खाली उतरायचं, वर अजिबात जायचं नाही. आई सांगते आलेपाक आहे का बघ, तिनं डब्यात दिला होता, हिरव्या झाकणाच्या.

तू पण अशीच ओकायचीस. आंबोली उतरताना, मुख्य वळणं सुरू झाली की. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तुला घेऊन जायचो ना, आई नको म्हणायची आणि तू आदल्या रात्रीच चप्पल उशाला घेऊन झोपायचीस. पहाटे मार्केटला बटाटा, कोबी, गाजर, मिरची भरायची, ताडपत्री आवळायची आणि वेंगुर्ला रोडनं निघायचं, हिंडलगा, सुळगा, शिनोळी, पाटणे फाट्याला चहा. तू इंजिनच्या बॉनेटवर गोधडी टाकून बसायचीस, खालून ऊब यायची. आणि घाट लागला की तोंड पांढरं. मामा (आपला क्लीनर मामा गे) तुला लिंबू हुंगायला द्यायचा आणि म्हणायचा, "निधान री, निधान री," म्हणजे मला, गाडी हळू घ्या म्हणून. त्याला मराठी येत होतं तरी घाटात तो कानडीतच बोलायचा. खाली दाणोलीला पोचलो की साटम महाराजांना हात जोडायचे, तुझं तोंड धुवायचं, आणि तू लगेच भजी मागायचीस. येताना शिरोड्याचं मीठ नाहीतर नारळ भरून. हे सगळं तुला आठवतं का नाही मला माहीत नाही. फोनवर तू म्हणालीस, "बाबा, तुमच्या घाटासारखाच वाटला हो," तेव्हापासून मला तेच सगळं दिसाय लागलंय.

पण आमचा घाट तसा नाही. आंबोली समुद्रापासून ६९० मीटर. तुमचा तो रेड माउंटन पास ३,३५८ मीटर. आणि आंबोलीला कठडा आहे.

धाकट्यानं वाचून दाखवलं की त्या सिल्व्हरटन ते युरेच्या रस्त्याला दरीच्या बाजूला बऱ्याच ठिकाणी कठडा ठेवलेलाच नाही, कारण हिवाळ्यात बर्फ ढकलून दरीत टाकावा लागतो, कठडा असला तर बर्फ कुठं टाकणार. पांढरा पट्टा संपला की दरी. वळणावर ताशी १० मैल, १५ मैल अशा पाट्या. हे ऐकल्यापासून आई त्याला म्हणते, तू कशाला वाचून दाखवलंस.

बर्फ काढणाऱ्या ड्रायव्हरांचं स्मारक आहे म्हणे त्या रस्त्यावर, कडा कोसळून बर्फाखाली गेलेले. तुम्ही त्याच्या जवळनंच गेला असणार, गारांच्या गडबडीत दिसलं नसेल. रस्ता चालू राहावा म्हणून गेलेली माणसं ती. मी इथूनच हात जोडले.

बरं, ब्रेक.

मला एकच गोष्ट नीट सांग, हसू नको. वास आला तेव्हा पेडल मऊ लागलं का? म्हणजे दाबल्यावर नेहमीपेक्षा खाली जात होतं का? का पेडल कडकच होतं आणि नुसता वास आला? दोन्हीत फार फरक आहे. नुसता वास म्हणजे पॅड तापले, थांबलीस, गार झाले, सुटलीस. पेडल मऊ लागलं असेल तर ब्रेक ऑईल उकळाय लागलं होतं. ऑईल जुनं झालं की हवेतला ओलावा धरतं, ओलावा धरलेलं ऑईल लवकर उकळतं, आत वाफ होते, आणि वाफ दाबली जाते, ऑईल दाबलं जात नाही. मग पेडल पार खाली जातं आणि गाडी थांबत नाही. नंतर गार झालं की पेडल परत कडक होतं, आणि माणसाला वाटतं काही झालंच नव्हतं. म्हणून विचारतोय. आमच्या गाडीला हवेचे ब्रेक होते, तुमचे ऑईलचे, पण तापणं सगळीकडं सारखंच.

तासभर थांबलात ते उत्तम केलंत. जावईबापूंनी चाकावर पाणी ओतू का विचारलं आणि तू नको म्हणालीस, शाब्बास. तापलेल्या लोखंडावर गार पाणी पडलं तर चीर जाते.

आता हे शेवटचं सांगतो आणि मग नाही सांगत. उताराला लागायच्या आधीच गिअर खाली घ्यायचा, उतार सुरू झाल्यावर नाही. चढताना जो गिअर लागला, उतरताना तोच. तू पाठवलेल्या फोटोत गिअरच्या दांड्याच्या टोकाला बटण दिसतंय, टो-हॉल लिहिलेलं, ते वर असतानाच दाबून ठेव. मग ब्रेकला पाय लावलास की गाडी आपण होऊन खालच्या गिअरला जाते. इंजिन ओरडेल. ४ हजारावर काटा जाईल आणि बारक्या कानावर हात ठेवेल, जावईबापू पण बघतील तुझ्याकडं, ओरडू दे. पेट्रोलचं इंजिन ओरडतं म्हणजे ते गाडी धरून ठेवतंय. आणि ब्रेकवर पाय नुसता ठेवून उतरायचं नाही, नीट दाबायचा, स्पीड उतरला की पूर्ण सोडायचा, परत वाढला की परत दाबायचा. मधल्या वेळात ब्रेकला वारा लागतो.

लेक्चर झालं. माफ कर. तू आता स्वतः आई आहेस, इंजिनिअर आहेस, तिथं एवढी वर्षं बर्फात गाडी चालवतेस, आणि मी तुला ब्रेक शिकवतोय. पण तुला माहीत आहे मी का सांगतोय. आपल्या गल्लीतला तो, तुझ्या आईला वहिनी म्हणायचा, दिवाळीला तुझ्यासाठी फुलबाज्या आणायचा, नाव लिहीत नाही. मालक डिझेलचा हिशेब मागायचा म्हणून उतारावर न्यूट्रल मारायचा, चार लिटर वाचवायला. मी त्याला सांगितलं होतं, मामानं सांगितलं होतं. त्या दिवशी मी त्याच्या मागं दोन गाड्या सोडून होतो. आधी वास आला. उघड्या खिडकीतून आत आला तो वास, आणि मामा म्हणाला कुणाचे तरी ब्रेक जळालेत, आणि पुढच्या वळणाला पोचलो तोपर्यंत झालेलं होतं. त्याची मुलगी तुझ्या वर्गात होती. त्यानंतर कितीतरी दिवस मी स्वयंपाकघरात काही करपलं तरी उठून बाहेर जायचो, आईला सगळं ठाऊक आहे, तुला आम्ही सांगितलं नव्हतं.

म्हणून काल तू वास म्हणालीस आणि मी गप्प झालो. तुला वाटलं असेल बाबा चिडले. चिडलो नव्हतो.

गारांचं काय, जुलैमध्ये तिकडं दुपारी ढग येतात आणि वीज-गारा होतातच, ते दर दिवसाचं आहे म्हणे. त्यावर उपाय एकच, सकाळी लवकर निघायचं आणि दुपारच्या आत वरचा पास ओलांडायचा. तुम्ही निघालात ११ ला. ती घाण पाण्याची टाकी रिकामी करायच्या रांगेत वेळ गेला ते समजलं, पण मग ते काम आदल्या संध्याकाळी उरकायचं. आणि खणांना दोरी बांधा. तांदळाचा डबा वळणावर सुटून सगळीकडं बासमती पसरला म्हणालीस, ते ऐकून आईला काय वाईट वाटलं, आत्याच्या शेतातला तो, निवडून दिलेला. तांदळापेक्षा मला वाईट ह्याचं वाटलं की त्या वेळी आवाजानं तू मागं वळून बघितलंस. बघितलंस ना? चालवणाऱ्यानं मागं बघायचं नाही, मागं काहीही सांडू दे, मूल रडू दे. ते बघायला दुसरा माणूस आहे.

भात कच्चा राहिला त्यात तुझी चूक नाही. त्या उंचीवर पाणी ९० अंशालाच उकळतं, सिल्व्हरटन ९,३१८ फुटांवर, पातेल्यात भात शिजायला खूपच जास्त वेळ लागतो. आई म्हणते कुकर का नाही नेलास, मी दिला होता ना लग्नात.

आता रस्ता. मी शेवटी लिहीन म्हटलं होतं आणि वर दोनदा लिहून खोडलं.

त्या रस्त्यानं परत येऊ नका.

का ते सांगतो, नुसतं भीतीनं सांगत नाही. तुम्ही सिल्व्हरटनकडून युरेला गेलात. तिकडं गाडी उजव्या हातानं चालवायची, म्हणजे जाताना तुम्ही डोंगराच्या अंगानं होतात. दरी पलीकडच्या लेनच्या पलीकडं. येताना उलटं. येताना तुमची लेन दरीच्या काठची. आणि तू बसणार डावीकडं, चाकं दरीकडची उजवी. म्हणजे जी चाकं सांभाळायची ती तुला दिसणारच नाहीत, नुसता आरसा. आमच्याकडं ड्रायव्हर उजवीकडं, डावी बाजू सांभाळायला क्लीनर. मामा घाटात दरवाज्याबाहेर अर्धा वाकून असायचा, दरवाज्यावर एक थाप मारली की थांब, दोन मारल्या की चल. धुक्यात तर उतरून खांद्यावर पांढरा टॉवेल टाकून काठानं पुढं चालायचा आणि मी त्या टॉवेलमागं गाडी घ्यायचो. तुझ्याकडं मामा नाही. जावईबापूंना उंचीचा त्रास आहे, त्यांनी सांगितलं नाही तरी मला माहीत आहे, आम्ही रायगडाला रोपवेनं गेलो होतो तेव्हा बघितलंय. त्यांना त्या काठाच्या खिडकीत बसवून खाली बघत राहा म्हणणं बरोबर नाही. गाडी आठ फुटांवर रुंद, आरसे अजून बाहेर, समोरून तेवढीच मोठी गाडी आली तर तू घाबरून उजवीकडं सरकणार, आणि उजवीकडं सरकायला तिथं जागाच नाही.

ट्रेनचं मला कळतं. १८८२ साली चालू झालेली वाफेची गाडी, बारक्यानं मला तिचं चित्र काढून पाठवलंय, त्याचं मन मोडायचं नाही. पण डुरँगोला जायला दुसरा रस्ता आहे. मी आणि धाकट्यानं आज त्याची सेकंड शिफ्ट सुरू व्हायच्या आधी सगळा नकाशा बघितला. युरेहून मागं न वळता पुढं उत्तरेला जायचं, रिजवे. तिथून डावीकडं ६२ नंबरचा रस्ता, डॅलस डिव्हाईड, ८,९७० फूट, तिथून प्लॅसरव्हिल. मग १४५ नंबर, टेल्युराईडच्या बाजूनं लिझर्ड हेड पास, १०,२२२ फूट, म्हणजे रेड माउंटनपेक्षा जवळजवळ आठशे फूट कमी, आणि पलीकडं डोलोरेस नदीच्या कडेकडेनं लांब सावकाश उतार. मग कॉर्टेझ, मग १६० नंबरनं डुरँगो. हा सगळा गोल रस्ता एकच आहे, त्याला सॅन हुआन स्कायवे म्हणतात, पूर्ण २३६ मैलांचा. तुम्ही त्यातला ७० मैलांचा अवघड तुकडा केलात, राहिलेला करा आणि गोल पूर्ण करा. बघायला पण नवीन मिळेल, आलेल्याच रस्त्यानं जाण्यात काय आहे.

१६५ मैलांच्या आसपास पडेल, मान्य आहे. चार तास, तुमच्या गाडीला पाच धर. पेट्रोल जास्त जाईल, ते मी देतो, धाकटा पाठवील, नाही म्हणू नको.

आणि त्याच्या आधी, रविवारचा दिवस तुमच्याकडं आहे ना, तर गाडी देणाऱ्यांना फोन करून ब्रेक तापले होते असं स्पष्ट सांगायचं, लपवायचं नाही, पैसे कापतील म्हणून घाबरायचं नाही. माँट्रोज ३६ मैलांवर आहे, मोठं गाव, घाट नाही त्या वाटेवर. तिथं दाखवून पॅड आणि ऑईल बघून घ्यायचं. रविवारी बंद असलं तर सोमवारी दाखवा आणि मंगळवारी निघा. ट्रेन मंगळवारी पण असेल. सुट्टी एक दिवस वाढवून मागायला काय होतं? तुझे साहेब माणूस चांगले आहेत तूच म्हणतेस.

मला माहीत आहे तू काय म्हणणार. म्हणणार की बाबा, रोज शेकडो गाड्या जातात त्या रस्त्यानं. जातात. आंबोलीतनं पण जात होत्या. मी पण गेलो इतकी वर्षं आणि परत आलो, आई प्रत्येक वेळी जागी असायची, मी तिला म्हणायचो कशाला जागतेस, रोजचंच आहे. आता मी जागा आहे आणि ती झोपलीय, तिला मी सांगितलं की तू रस्ता बदलतेयस म्हणून. अजून तू काय कबूल केलेलं नाहीस हे मला माहीत आहे.

तुला बांधून ठेवायचं म्हणून हे लिहीत नाही. तू बेळगावातून पुण्याला गेलीस तेव्हा लोक काय काय म्हणाले, आणि तिथून पुढं अमेरिकेला, तेव्हा तर तुझ्या आजीनं जेवण सोडलं होतं, मी एकटा म्हणालो जाऊ दे तिला. सांबऱ्याच्या विमानतळावर तू मागं वळून न बघता आत गेलीस, आई रडली, मला मात्र बरं वाटलं होतं. आज पण तसंच आहे. तू डोंगर चढायचं थांबव असं मी म्हणणार नाही, पुढच्या वर्षी आम्हाला पण त्या गाडीतनं फिरवशील म्हणालीस तर मी येईन, पुढच्या सीटवर बसेन आणि दरवाज्यावर थाप मारेन. फक्त ह्या सोमवारी, ह्या ब्रेकवर, त्या काठानं नको.

आणि एवढं करून जायचंच ठरवलंत, ट्रेनची तिकिटं काढून झाली, मागं फिरता येत नाही असं असेल, तर निदान हे ऐक. ब्रेक दाखवल्याशिवाय नाही. सकाळी सहाच्या आसपास निघायचं, तेव्हा समोरून गाड्या कमी आणि ढग पण नसतात. जाताना बारक्याला मागं पट्टा लावून, त्याच्या हातात काहीतरी देऊन. जावईबापूंनी खाली दरीकडं बघायचं नाही, फक्त आरशात पांढरा पट्टा आणि चाक बघायचं आणि बोलत राहायचं, "आहे, आहे, जवळ आलं, आहे." समोरून मोठी गाडी दिसली तर रुंद जागा बघून आधीच थांबायचं, तिला जाऊ द्यायचं. युरेहून निघाल्यावर पहिला चढ आहे, चढताना ब्रेकचं काम नाही, त्यामुळं तो तसा बरा, पण पास ओलांडला की सिल्व्हरटनकडं उतार आहे, तिथं वरच गिअर खाली. पुढं मोलास आणि कोल बँक परत चढायचे आणि कोल बँकवरून डुरँगोकडं लांब उतार, तो सगळ्यात जास्त. माणूस अवघड वाट संपली म्हणून सैल सोडतो आणि मग तिथं ब्रेक तापतात. हे लिहून घे आणि डॅशबोर्डला चिकटव.

पण रिजवेकडूनच या.

निघायच्या आधी फोन कर. तुमचे सकाळचे सहा म्हणजे इथले संध्याकाळचे साडेपाच, मी फोन हातात घेऊन बसतो. पोचल्यावर पण कर, तेव्हा इथं मध्यरात्र असेल तरी कर, आई म्हणते मेसेज नको, आवाज पाहिजे. बारक्याला पापा. जावईबापूंना सांग आरशाचं मी लिहिलंय त्याचा राग मानू नका.

आणि पेडलचं कळव. मऊ लागलं होतं का कडक, एवढंच आधी लिही, बाकी सावकाश लिहिलंस तरी चालेल.

तुझे बाबा
शहापूर, बेळगाव